पातळ शाई

खाली पांढरा तंबू बांधायला लागले, तेव्हाच समजलं. इकडे परदेशात, आमच्या हौगांगच्या वस्तीत, चिनी माणूस गेला की इमारतीखालच्या मोकळ्या जागेत तंबू पडतो. सून म्हणाली, "आई, शेजारचे टॅन अंकल गेले." मी म्हटलं, "हं," आणि गॅसवरची आमटी उतरवली...

मला फारसं लिहिता येत नाही, नात लिहून घेतेय. टॅनबाबा शाईनं डोंगर काढायचे. आजारपणात हाताची ताकद गेली, शाईची कांडी दगडावर घासणं जमेना. दारातून बघवेना, म्हणून मीच कांडी घेतली. सासरी रोज देवाचं गंध उगाळलेलं, नवरा गेल्यावर लोकांची भांडी घासून पोराला शिकवलेलं, मनगटाला सवय. पण मी गंधासारखी घट्ट उगाळली. ते हसले. "आंटी, टुडे ओन्ली निअर माउंटन, लाह." नातीनं समजावलं, घट्ट शाईचा डोंगर जवळचा, पातळ शाईचा लांबचा.

जवळचाच काढायचा होता त्यांना, मुलीला द्यायला. कोरड्या ब्रशनं खडकाची कड एका दमात ओढायची, परत त्यावर हात फिरवायचा नाही. हात थरथरायचा, कड फाटायची. कागद चुरगळून म्हणायचे, "ब्लॅक. मोअर ब्लॅक." मी उगाळत बसायची. "बाबा, पुरे आता," असं मी मराठीत म्हटलं की ते चिनीत काहीतरी पुटपुटायचे. बहुतेक शिवीच असावी.

शेवटच्या खेपेला म्हणाले, "आंटी, वॉटर." मी थेंब टाकला. "मोअर." पार काळं पाणी झालं. मला वाटलं, म्हातारा हरला. त्यांनी कागद ओला केला, ब्रश नुसता टेकवला. शाई आपली आपण पसरत गेली, थरथर तिच्यात बुडाली. वर लांबचा डोंगर उठला, खाली सगळं कोरं, धुकं पडल्यासारखं. कोऱ्या जागेवर बोट ठेवून मी विचारलं, "इथं काय?"

"नथिंग. फिनिश. यू गो कुक."

तंबूत त्यांची मुलगी ते चित्र मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, एवढा लांबचा डोंगर पप्पांनी कधीच काढला नव्हता. मग मला म्हणाली, "आंटी, पप्पांच्या वस्तूंतलं तुम्हाला काय हवंय?" मी दगड मागितला.

तो आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. सून म्हणते, घासून टाका. मी घासत नाही. दुपारी सगळं आवरलं की त्यावर थेंबभर पाणी टाकून बोट फिरवते. कांडी नाही, तरी काळं सुटतं... रोज आदल्या दिवसापेक्षा पातळ.