उजव्या डोळ्याचं विरजण

आष्टीच्या बाजारात शिवकन्येकडून दही घ्यायचं म्हणजे जपून बोलावं लागतं. ‘आंबट तर नाही ना?’ असं कुणी विचारलं, की ती सरळ पुढच्या दुकानाकडं बोट दाखवते.

तिचा नवरा वैजिनाथ बॅटऱ्या दुरुस्त करतो. लग्नाआधीच तेजाब उडून त्याचा डावा डोळा गेला होता. बुबुळावर साय धरल्यासारखा पांढरा पडदा आलेला. तो पाहूनच तिनं होकार दिला होता, आणि त्यावरून पुढं कुणाला ब्र काढू दिला नव्हता.

हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला, तेव्हा मात्र ती बिथरली. चांगल्या डोळ्याच्या बुबुळाच्या कडेचा तिळाएवढा तुकडा काढायचा, त्यातल्या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि पुरेशा झाल्या की त्यांचा पापुद्रा डाव्या डोळ्यावर बसवायचा. ‘पुरेशा’पाशी तिचं घोडं अडलं. तिळातून अख्खं बुबुळ झाकायचं? आणि विरजण बिघडतं तसं हेही बिघडलं तर? बाई खरं तेच बोलल्या. बिघडू शकतं, मग पुन्हा तुकडा घ्यावा लागेल. चांगल्या डोळ्याला सहसा काही होत नाही, पण लेखी हमी कुणी देणार नाही.

“हाय त्यो एक डोळा काहून पणाला लावायचा?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“तू न्हाई म्हणलीस तर आत्ता घरी जाऊ,” वैजिनाथ म्हणाला.

सगळा भार तिच्यावर टाकून हा बाबा मोकळा झाला. तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं. मग तोंड न वळवताच म्हणाली, “घ्या म्हणावं.”

तुकडा घेतला, आणि त्यानंतरचा पंधरवडा तिनं प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर काढला. विरजण लावलेलं भांडं हलवायचं नसतं, हे तिच्या अंगात मुरलेलं. त्यामुळं मोठ्यानं बोलणाऱ्याला ती दटावायची, ढकलगाडीवाल्याला हळू न्यायला लावायची, वैजिनाथला तर भिंतीला टेकूही द्यायची नाही. पेशी तीन दारं आत होत्या, पण हे तिला सांगणार कोण? तिथली माणसं आधी हसली, मग तीही पाय न वाजवता चालू लागली.

एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्यावर त्याच पेशींची चित्रफीत दाखवली. एका पेशीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. रिकाम्या जागेत त्या सरकत गेल्या आणि एकमेकींना खेटल्यावर आपोआप थांबल्या. कुणी सांगितलं त्यांना थांबायला? तिनं जन्मभर दुधाचं दही होताना पाहिलं होतं. इथं काचेच्या बशीत, अंगापासून तोडलेला, तिच्या नवऱ्याचा डोळा वाढत होता. ती थक्क झाली. कुणी न सांगता तिनं पायातल्या चपला काढल्या. बाईंनी सांगितलं, पुरेशा झाल्यात.

पापुद्रा बसवला. काही आठवड्यांनी तपासणीला गेल्यावर बाईंनी वैजिनाथचा उजवा डोळा पुठ्ठ्यानं झाकला आणि समोर काय दिसतं ते विचारलं. समोर शिवकन्या बसली होती. त्यानं मान पुढं काढली.

“धूसर हाय,” तो म्हणाला. “हिरवी साडी हाय. टिकली हाय. आन् कपाळाला आठ्या.”

उलट उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की या डोळ्यानं तिला आजवर कधी पाहिलंच नव्हतं. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि मान खाली घातली.