प्रकरण सहामधले साहेब

जगात कधीच नसलेल्या एका विद्वानाला त्याने समाजशास्त्राच्या प्रकरण सहामध्ये नेऊन बसवलं आणि वेळेवर तिथून उठवलं नाही. चूक एवढीच. पण त्या वर्षीच्या परीक्षेत शंभरावर मुलांनी त्या विद्वानाचा आदराने दाखला दिला, आणि काहींनी तर नावाखाली दोन-दोन रेघा ओढल्या.

तो म्हणजे सर्वविषय. हे नाव कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याने ठेवलेलं, कारण इतिहासापासून रसायनशास्त्रापर्यंत चौदा विषयांच्या नोट्स हा एकटा माणूस हाताने लिहायचा. स्वतः तो कधी कुठल्या वर्गावर उभा राहिला नव्हता. आई अंथरुणाला खिळली तेव्हा अर्धी पदवी सोडून घरी बसला. तिच्या उशाशी वेळ जाईना म्हणून शेजारच्या मुलीला अर्थशास्त्राचे मुद्दे काढून दिले, ते पन्नास जणांकडे फिरले, आणि बघता बघता तोच धंदा झाला. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिची खाट त्याने हलवली नव्हती. आता तिच्यावर चौदा विषयांचे गठ्ठे झोपायचे. पायथ्याशी भौतिकशास्त्र, उशाशी समाजशास्त्र.

मथळा लाल शाईने, व्याख्या निळ्या चौकटीत, आणि समासात जिथे ‘हमखास’ असं लिहिलेलं, तिथला प्रश्न येणारच. छापील पुस्तक वाचून झोप येते आणि हे वाचून पास होतो, असं मुलं म्हणायची. त्याचं अक्षर हजारो मुलांनी अंधारातही ओळखलं असतं. चेहरा ओळखणारा एकही नव्हता.

आता त्या विद्वानाची भानगड. रस्त्यापलीकडे आणखी एक झेरॉक्सचं दुकान होतं, आणि सर्वविषयच्या नोट्स इकडे लागल्या की तिसऱ्या दिवशी तिकडे निम्म्या भावात मिळायच्या. चोरी पकडायची म्हणून त्याने खूण घालायची पद्धत काढली होती. प्रत्येक गठ्ठ्यात एका पानावर एक निरुपद्रवी खोटी गोष्ट. भूगोलात एखादा भलताच ओढा, गणितात फळविक्याऐवजी घड्याळदुरुस्तीवाला. पलीकडच्या दुकानात तेच सापडलं की झेरॉक्सवाला तावातावाने रस्ता ओलांडून भांडून यायचा, आणि सर्वविषय ते पान काढून त्याजागी शुद्ध पान लावायचा. पहिला आठवडा खुणेचा, मग वर्षभर खरं. अकरा वर्षं यात कधी खंड पडला नव्हता.

त्या वर्षी समाजशास्त्रात ‘एकाकीपणा’ हा मुद्दा आला आणि त्याचा हात जरा सैल सुटला. उच्चारताना जीभ अडखळेल असं भारदस्त परदेशी नाव त्याने रचलं, आणि त्या नावावर एकाकी माणसाची चार लक्षणं खपवली:

एक, तो दाराची कडी दोनदा तपासतो, कारण लावली का हे विचारणारं दुसरं कोणी नसतं. दोन, तो बाहेर जाताना दिवा चालू ठेवतो. तीन, दुकानदाराशी तो गरजेपेक्षा एक वाक्य जास्त बोलतो. चार, ताप आल्यासारखा वाटला, तर तो आडवा होण्याआधी भांडी घासून ठेवतो.

शुद्ध पान लावायचं राहिलं. झेरॉक्सवाल्याने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “विसरलो.”

“तू? तू विसरलास?” झेरॉक्सवाल्याने मशीनचं झाकण आपटलं. “अरे, तुला माझ्या मेहुण्याच्या लग्नाची तारीख पाठ आहे, मला नाही!”

निकाल लागल्यावर आठ दिवसांनी एक मुलगी दुकानात आली. सर्वविषय तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून नव्या गठ्ठ्यावर पानांचे आकडे घालत होता. मुलीने गल्ल्यापाशी चुरगळलेल्या नोट्स ठेवल्या आणि विचारलं, “दादा, ह्या लिहितं कोण?”

“ते आम्ही सांगत नाही. पुढचा.”

“पुढचं कोणी नाहीये. मीच आहे.”

मग तिची नजर स्टुलाकडे गेली. तो सात काढताना मधे आडवी रेघ मारायचा, आणि नेमकं सत्त्याहत्तरावं पान चाललं होतं. मुलीने आपल्या नोट्सकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं.

“काका, तुम्हीच ना?”

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण बोटाला लाल शाई लागलेली. “हो,” तो म्हणाला.

“बरं झालं बाई! मला फक्त पुस्तकाचं नाव हवंय.” तिने प्रकरण सहा उघडलं. “ह्या साहेबांचं. मी पूर्ण उत्तर लिहिलं, आठ मार्कांचं. बाईंनी शून्य दिलं आणि समासात लाल पेनाने ‘हे कोण?’ म्हणून लिहिलंय. बाकीच्यांचंही उडवलं, पण ते कसेबसे तरले. मी बत्तिसावर अडकले. तीन मार्क, काका. पस्तीस झाले की पास. सोमवारी फेरतपासणीचा शेवटचा दिवस, आणि पास झाले नाही तर शिक्षिकेच्या कोर्सची जागा जाते. बाईंना पुस्तक दाखवलं की झालं.”

त्याने सत्त्याहत्तरावर पुन्हा एकदा आडवी रेघ मारली.

“मिळवून देतो,” तो म्हणाला. आणि ती इतकं मनापासून “थँक्यू काका” म्हणाली की त्याला खरं सांगायची सोयच राहिली नाही.

ती गेल्यावर झेरॉक्सवाल्याने शटर अर्धं ओढलं. “त्यात काय एवढं? पुस्तक छापू. दीडशे पानं तुझी, कव्हर माझं, बाइंडिंग कडक. मागे साहेबांचा फोटो पाहिजे, तो तुझाच टाकू. टाय लावला की कोणीही परदेशी दिसतो.”

“मी दिसणार नाही.”

“मशीनचा काळा जरा वाढवतो ना, चेहरा कुठे कळतोय!”

सर्वविषय हसला, आणि घरी जाऊन खरोखरच पहिलं पान लिहायला बसला. त्याला ते जमलं असतं हीच पंचाईत. शीर्षक सुचलं, अनुक्रमणिका सुचली, प्रस्तावनेत साहेबांच्या थोरल्या बहिणीचे आभारही मानून झाले. तेवढ्यात त्याच्या स्वतःच्या ताईचा फोन आला. रविवारचा. ताई तीन प्रश्न विचारायची: जेवलास का, तब्येत कशी, आणि विशेष काय? तिसऱ्याला गेली तीन वर्षं तो “काही नाही” म्हणायचा.

“ताई, एका मुलीचं वर्ष माझ्यामुळे जातंय.”

“अगंबाई! कोण मुलगी? कुठली? मला कळवलं नाहीस ते!”

“तसलं नव्हे गं! परीक्षेचं वर्ष. मी नोट्समध्ये खोटं लिहिलं.”

“हात्तिच्या!” ताईचा आवाज पडला, तिला दुसरं काही असतं तर बरं वाटलं असतं. “मग जाऊन सांग की तसं. खोटं लिहायला कोण बोलवायला आलं होतं तुला? सांगायलाही कोणी न्यायला येणार नाही.”

सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून रस्ता ओलांडून कॉलेजात गेला. अकरा वर्षं त्या फाटकासमोर काढून आत मात्र पहिल्यांदाच. मुलगी विभागाच्या दाराशी फॉर्म घेऊन उभी होती. तिने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“पुस्तक?”

“आत ये. आतच सांगतो.”

शून्य देणाऱ्या त्या विभागप्रमुख बाई टेबलावर डबा उघडून बसल्या होत्या. त्यांनी त्याला विक्रेता समजून हाताने वाट दाखवली. मग त्याने सांगितलं की ते साहेब नाहीत. कुठेही नाहीत. ते त्याने चोर पकडायला केले होते.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. “म्हणजे सर्वविषय तो तुम्ही. माझा निम्मा वर्ग तुम्ही रिकामा ठेवता, माहीत आहे? मी शिकवते तेव्हा पोरं खिडकीबाहेर बघतात. तुमचं दुकान दिसतं तिथून.” त्या चिडल्या होत्या, आणि थोड्या खूशही, चोर आपल्या पायांनी आला होता. “खूण घातली, ठीक. काढली का नाही?”

“विसर...” तो थांबला. बाईंच्या मागे कपाटाच्या काचेत त्याला इस्त्रीचा शर्ट दिसत होता. “विसरलो नव्हतो. शुद्ध पान लिहून ठेवलं होतं. लावलं नाही. मुलं ते पाठ करत होती. चार-पाचशे जण घरोघरी बसून तेच वाचतायत, असं वाटलं की बरं वाटायचं.”

मुलगी त्याच्याकडे पाहत होती, पण काकांकडे पाहावं तशी नव्हे; फसवलेल्या गिऱ्हाइकासारखी.

“नसलेल्या माणसाला मार्क देता येत नाहीत,” बाई शेवटी म्हणाल्या आणि उत्तरपत्रिका मागवली. चारही लक्षणांवर त्यांनी सरळ काट मारली. मुलीचा चेहरा उतरला. मग बाई खाली वाचत गेल्या, थांबल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या:

“‘माझी आत्या एकटी राहते. ती रोज फोन करून म्हणते, अगं, चुकून लागला तुला. आणि मग पंधरा मिनिटं बोलते. म्हणून एकाकी माणसाला बोलण्यासाठी कारण लागते असे मला वाटते.’ हे कोणाचं?”

“माझं,” मुलगी म्हणाली. “नोट्समध्ये नव्हतं. जागा उरली होती म्हणून लिहिलं.”

“हे मी तेव्हा वाचलंच नाही. वरचं नाव बघून डोकं फिरलं होतं माझं.” बाईंनी समासात चार लिहिले, त्याभोवती गोल केला आणि फॉर्मवर सही ठोकली. “छत्तीस. आणि तुम्ही हो, ते पान आजच्या आज काढा. आणि गठ्ठ्यावर स्वतःचं नाव घाला. लपून शिकवता कशाला?”

बाहेर व्हरांड्यात मुलीने फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला. आभार मानायचे की भांडायचं हे तिचं ठरत नव्हतं.

“मला आवडले होते हो ते,” ती म्हणाली. “आत्याला वाचून दाखवलं होतं मी. आत्या म्हणाली, ह्या माणसाला कसं कळलं? आता तिला काय सांगू?”

“सांग, नव्हतेच कोणी.”

“असं कसं? साहेब नव्हते. मग कडी दोनदा कोण बघतं?”

त्याने फाटकाकडे पाहिलं. मुलं घोळक्याने आत येत होती, दोघांच्या हातात त्याचे गठ्ठे होते. “लिहून पाठवतो तुला,” तो म्हणाला. “नीट, मुद्देसूद.”

“नक्की ना?”

“नक्की.”

पुढे कोर्सला जाण्याआधी ती दुकानात पत्ता देऊन गेली. कोर्सचं वसतिगृह, खोली क्रमांक, सगळं. सर्वविषयने त्याच सोमवारी संध्याकाळी प्रकरण सहाचं पान सगळ्या गठ्ठ्यांतून काढलं आणि शुद्ध पान लावलं. ते अगदी बिनचूक होतं, आणि त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

सत्र सुरू झालं. गठ्ठ्यांवर आता नाव असल्यामुळे कधी कधी मुलं स्टुलापाशी येऊन “तुम्हीच का?” म्हणून बघून जात. झेरॉक्सवाला रोज मशीन तापेपर्यंत एकच विचारायचा.

“पाठवलंस त्या पोरीला?”

“लिहितोय.”

“चौदा विषय लिहून काढलेस, आणि एक पत्र होईना?”

“ह्याला अभ्यासक्रम नाही रे.”

“चार ओळी तर लिहायच्या! मीच लिहिलं असतं एव्हाना.”

“तू काय लिहिलं असतंस?”

झेरॉक्सवाल्याने खूप विचार केला. मग म्हणाला, “बाजूला हो, कागद भरायचेत.”

सर्वविषयने घरच्या टेबलावर पत्राची सुरुवात लिहून ठेवली होती, मथळा लाल शाईने, खाली ‘मुद्दा एक’, त्यापुढे आडवी रेघ. रेघेच्या पुढे कागद कोरा होता, आणि मुलीचा पत्ता त्या कागदाला टाचणी लावून जोडलेला. दिवाळं निघालेल्या माणसाने सावकाराला टाळावं तसा तो हल्ली टेबलाच्या त्या बाजूला बसायचा नाही; भूगोलाचं काम आहे असं स्वतःलाच सांगायचा आणि खाटेच्या कडेवर टेकून लिहायचा.