डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा पंप

तुम्ही ब्रेक दाबलात आणि ब्रेकनेच उलट तुमच्या पायाला धक्के मारले, असं कधी झालंय का तुमच्या बाबतीत? नसेल झालं तर बरंच आहे. पण झालंच, तर पाय उचलू नका. का, ते सांगते.

जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गॅरेज होतं. गॅरेजमध्ये किस्से कसे साठतात? गाडी उघडली, पुन्हा जोडली, आणि एक वायसर उरला. गाडी तर चालते, मग तो वायसर टाकायचा कुठे? डब्यात! आमचे हे मिस्त्री. वायसरचा डबा ह्यांच्याकडे, किश्शांचा माझ्याकडे. हसायला म्हणून मी तो उघडते, आणि दर वेळी तळाशी काशिनाथभाऊ सापडतात.

*

काशिनाथभाऊ पोशेऱ्याचे. वीस वर्षं दाभोशाच्या लाइनीवर जीप चालवली. आत किती माणसं असायची ते विचारू नका, मागे लटकलेली वेगळीच. अशी भरलेली जीप उतारावर थांबवायची तर ब्रेक एकदम दाबून चालत नाही. चाकं जाम होतात आणि गाडी घसरते. काशिनाथभाऊ दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे.

"वैनी, ब्रेकला तीनदा इचारायचं. पयल्यांदा तो ऐकत नाय, दुसऱ्यांदा इचार करतो, तिसऱ्यांदा थांबतो!"

"आमच्या ह्यांच्यासारखंच," मी म्हटलं.

जीपच्या खालून आवाज आला, "मी तिसऱ्यांदाही थांबत नाही!"

दाभोशाच्या बायका जीपमध्ये चढण्याआधी पुढे डोकावून बघायच्या. चालवायला काशिनाथभाऊ असले, तरच लेकरं आत द्यायच्या. त्यांच्या त्या उजव्या पायावर त्यांचं घर चालायचं, आणि मानही त्यावरच मिळायचा.

*

एकदा सूर्यमाळच्या एका पाड्यावरून ते तापानं फणफणलेल्या एका मुलीला खाली घेऊन आले. आईच्या मांडीवर मुलीचं डोकं होतं. इतकी हळू गाडी आणली, की वाटेत मुलगी गेली ते आईलाही कळलं नाही. तिला वाटलं, झोप लागली.

परत जाताना ते गॅरेजवर थांबले. हात धुतले. म्हणाले, "आज एकदाबी जोरात ब्रेक लावला नाय, वैनी. जोरात आणाया हवी व्हती का?"

मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. तो तसाच गार झाला.

*

दोन हजार साल उलटून गेल्यावर आमच्या डॉक्टरीणबाईंनी शहरातून एक वापरलेली मोठी गाडी आणली आणि ड्रायव्हर म्हणून काशिनाथभाऊंना ठेवलं. गाडीत एबीएस होतं. तेव्हा एबीएस म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला ठाऊक! पावसात पहिल्याच उतारावर त्यांनी ब्रेक दाबला, तर पेडल पायाखाली थडथडायला लागलं. ते तडक गॅरेजवर आले.

"मिस्त्री, पेडलखाली उंदीर शिरलाय!"

हे हसले नाहीत. गाडीत उंदीर शिरणं आमच्याकडे नवं नव्हतं. दोघांनी अर्धा दिवस घालवून गाडी उघडली, आणि एअर फिल्टरमध्ये खरंच उंदराचं घरटं निघालं! आत चार पिल्लं. दोघांचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी पेडल पुन्हा थडथडलं.

"एखादा ऱ्हायला वाटतं," काशिनाथभाऊ म्हणाले.

*

गाडीच्या खणात इंग्रजी पुस्तक होतं. माझं शिक्षण दहावीपर्यंतच, पण शाळेतली डिक्शनरी जपून ठेवली होती. दुपारी भांडी आटोपली की ती घेऊन बसायचे. एका पानाला आठ दिवस लागले. कळलं ते असं, की चाक जाम व्हायला लागलं की आतला पंप आपणहून ब्रेकचा दाब सोडतो आणि धरतो, सोडतो आणि धरतो, एका सेकंदात कितीतरी वेळा. थडथडतो तो पंप, उंदीर नव्हे! घाबरायचं नाही, पाय दाबूनच ठेवायचा.

हे म्हणाले, "म्हणजे काशिनाथ पायानं करतो तेच की!"

काशिनाथभाऊंनी उजवा पाय पुढे करून बघितला. मग म्हणाले, "ब्रेकला मशीनच इचारणार, तर माझा पाय काय नुसता चप्पल घालाया?"

आम्ही खूप हसलो. तेव्हा हसलो.

*

थंडीत तो पंप गेला आणि समोर पिवळा दिवा लागला. साधा ब्रेक लागत होता, पण थडथड बंद. काशिनाथभाऊंना केवढा आनंद! "गाडी सुधारली! आता माझं ऐकती." पिवळ्या दिव्यावर त्यांनी दवाखान्यातली चिकटपट्टी लावून टाकली.

"हे काय, काशिनाथ?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दिव्याला जखम झाली, बाई!"

"पट्टी लावली म्हणून ताप उतरतो का? पंप बदलून घ्या."

*

पंप मिळेपर्यंत उन्हाळा आला. मुंबईच्या भंगार बाजारातून तसाच एक पंप शोधून हे एसटीनं घेऊन आले, टॉवेलात गुंडाळून, मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "बाळाला वारा लागू देऊ नका हो!"

जुन्या पंपाच्या नळ्या सोडवायच्या आधी ह्यांनी माझा शिवणाचा डबा मागितला. प्रत्येक नळीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, म्हणजे जोडताना चूक नको. मग नळ्यांतली हवा काढायची. मी सीटवर, हे चाकाशी. "दाब!" म्हणाले की मी ब्रेक दाबायचा. हे नट ढिला करून तेलातले बुडबुडे सोडायचे, नट पुन्हा आवळायचे, आणि मगच "सोड!" त्याआधी पाय उचलला की हवा परत आत. संध्याकाळपर्यंत दाब आणि सोड. लग्न झाल्यापासून इतकं मी ह्यांचं कधी ऐकलं नव्हतं!

मग मुरमाच्या मैदानात जोरात ब्रेक लावून बघितला. पंप बंद असताना चाकांच्या दोन सरळ रेघा उठायच्या. आता उठल्या त्या तुटक तुटक, धावदोऱ्यासारख्या. हे कितीतरी वेळ त्या रेघांपाशी उकिडवे बसून होते.

"नवा पंप बसलाय, पेडल परत थडथडेल, हे काशिनाथला सांग," हे म्हणाले. "तुझं ऐकतो तो."

"सकाळी सांगते," मी म्हटलं.

*

सकाळी पाण्याचा टँकर आला. मे महिना, आणि चार दिवसांनी आलेला टँकर. मी रांगेत होते. रस्त्यापलीकडून काशिनाथभाऊंनी हाक दिली, "वैनी, चावी घेतली हां!"

माझा हंडा अर्धा भरला होता. मी ओरडले, "बरं!"

सूर्यमाळच्या वळणावर त्या आठवड्यात नवी खडी टाकली होती. तिथे त्यांनी ब्रेक दाबला. पेडल थडथडलं. त्यांनी जुन्या सवयीनं पाय उचलला. पुन्हा दाबायच्या आत कठडा आला. गाडीत ते एकटेच होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही नाशिकच्या दवाखान्यात गेलो. त्यांच्या अंगावरची चादर उजवीकडे घोट्याच्या जरा वरपासून सपाट होती; खाली पाऊलच नव्हतं. हे खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी सांगून टाकलं.

"भाऊ, पंप बदलला होता. मी तुम्हाला सांगणार होते. हंडा भरत होते."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "भरला का?"

"काय?"

"हंडा."

"भरला."

"मंग झालं तर. टँकर काय रोज येत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाभोशाच्या लाइनीची एक जीप ब्रेकच्या कामाला आली. हवा काढायला ह्यांनी मला सीटवर बसवलं. "दाब," म्हणाले, मी दाबला. नट आवळून झाल्यावर "सोड" म्हणाले. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले. मी पाय उचलला नाही.