आजोबांच्या पट्ट्याचं बक्कल

चिंचेने पितळ घासताना येणारा आंबट वास मला आमच्या गावच्या, पोशीरच्या, एका दसऱ्याला नेतो. बाबांनी पूजेला कोयत्याशेजारी आजोबांच्या पोलिसी पट्ट्याचं बक्कल मांडलं होतं. आजोबा इंग्रजांच्या काळात हवालदार होते. स्वातंत्र्याच्या मोर्चाचा जमाव पांगवताना डोक्यात काठी बसली आणि त्यातच ते गेले.

शेजारचे तात्या म्हणाले, "गोऱ्यांच्या चाकराला पूजतूस काय रं? त्या जमावात माजा बाप व्हता."

"ठाव हाय," बाबा म्हणाले. "मागनं माज्या बापाला खाटेवर घालून कर्जतच्या दवाखान्यात नेणारा पन तुजाच बाप."

 हातातलं झेंडूचं फूल तात्यांनी बराच वेळ धरलं आणि बक्कल सोडून कोयत्यावर वाहिलं.

घरातला पहिला पदवीधर मी, तोही इतिहासाचा. ते फूल मी कुठे वाहिलं असतं, हे मात्र अजून ठरत नाही.