पेल्यावरचा तळहात

वाइनच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे नाकशेठ म्हणायचे, आणि अगदी तोंडावर म्हणायचे. नाक काही फार मोठं नव्हतं हो, पण काय नाक होतं! न्हाव्यानं साबण बदलला तर हे रस्त्याच्या पलीकडून सांगायचे. एकदा कारकुनाच्या टेबलापाशी नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "खालच्या खणात उंदीर मेलाय." खण उघडला, तर खरंच उंदीर! आणि त्याच्या शेजारी कारकुनाचा जेवणाचा डबा. बिचारा आठवडाभर घरी जाऊन जेवला.

थोरल्या मालकांपासून तिथे एक रीत होती. नवी वाइन आधी नाकशेठनी हुंगायची, चाखायची, आणि तोवर बाकीच्यांनी ओठ उघडायचा नाही. त्यांनी पेला उभा ठेवला की बाटल्या भरायच्या. पालथा घातला की पिंप गटारात. आणि पेल्यावर तळहात ठेवला की थांबायचं. थोरले मालक गेले, धाकटे आले, पण रीत तशीच राहिली.

मग त्या हिवाळ्यात नाकशेठना ताप आला. ताप उतरला, अंगात ताकद आली, भूकही लागायला लागली. एका सकाळी ते शेगडीजवळ पेपर वाचत बसले होते, आणि बायको अंगणातून धावत आली.

"अहो, घर पेटवताय की काय! दुधाचा कोळसा झाला, खोलीभर धूर, अन् तुम्ही खुशाल पेपर वाचताय?"

नाकशेठ आधी हसले. मग पातेलं उचलून नाकाशी नेलं. काहीच नाही. साबण हुंगला, रॉकेलची बाटली हुंगली, शेवटी स्वतःची चप्पलसुद्धा हुंगली. एरवी बायकोनं त्यावर दिवसभर टोमणे मारले असते. त्या दिवशी तिनं चप्पल त्यांच्या हातातून काढून खाली ठेवली.

"मालकांना सांगून टाका," ती हळूच म्हणाली.

"सांगतो ना. सर्दीनं बसलंय, येईल परत."

नाक काही परत आलं नाही. आणि नेमका त्याच वर्षी धाकट्या मालकांनी सगळा जीव ग्रेनाश नावाच्या द्राक्षाच्या वाइनमध्ये ओतला होता. फ्रान्सच्या जुन्या वाइन चाखून ते भारावून आले होते. द्राक्ष आपल्या मातीतलं, पण करायची तऱ्हा तिकडची: रंग फिका, पिंपं मोठी आणि जुनी, लाकडाचा वास वाइनवर चढू द्यायचा नाही. "काका, तुमचं नाक आहे म्हणून धाडस करतोय," ते म्हणाले होते. नाकशेठनी तेव्हा नुसती मान डोलावली होती.

पहिल्या चाखणीला त्यांनी पेला हुंगल्यासारखं केलं, डोळे मिटले, आणि पेल्यावर तळहात ठेवला. "थांबू या." थांबा म्हणणाऱ्याला कोण काय बोलणार? दुसऱ्या चाखणीलाही तेच. पण घरी जाताना मनाला ते टोचत राहिलं. कारण मालकांना त्यांनीच शिकवलं होतं, की हे द्राक्ष पातळ सालीचं, जरा हवा लागली की मान टाकतं, याला ताटकळत ठेवायचं नाही. आणि दर चाखणीला पिंपाचं बूच उघडत होतं.

तिसऱ्या चाखणीच्या सकाळी बायको कोट घेऊन दारात उभी.

"आज सांगणार ना?"

"बघू."

"बघायचं काम डोळ्यांचं. तुमच्याकडे नाक मागतायत ते."

कारखान्यात पिंपं धुताना कोट भिजला. चाखायच्या खोलीत हीटर चालू होता. नाकशेठनी कोट त्याच्यावर वाळत टाकला आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. समोर मालक, बाजूला पिंपं दुरुस्त करणारा सुतार. टेबलावर पांढरा कपडा, त्यावर तीन पेले.

नाकशेठनी पेला कपड्यावर तिरका धरला. लाल रंगाच्या काठाला जुन्या विटेसारखी तपकिरी कड आली होती, हवा लागल्याची खूण. घोट घेतला. जिभेला ऊब लागली आणि मागून एक बारीक आंबट चिमटा. त्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकही पेला नाकाशी धरून होते. त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग त्यांनी नाकशेठकडे पाहिलं, नाकशेठ शांत दिसले, आणि ती आठी आपोआप मिटली. आपल्याच नाकाला ते खोटं ठरवत होते. नाकशेठना त्या मिटलेल्या आठीची सगळ्यात जास्त भीती वाटली.

तरी हात सवयीनं पुढे झाला. तळहात पेल्यावर बसला. "थांबू या."

"काहीतरी जळतंय!" सुतार उठला.

मालकही खोकत उठले. धुराचा पट्टा नाकशेठच्या डोक्यावरून पुढे आला, तरी ते पेल्यावर हात ठेवून तसेच बसलेले.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

सुतारानं त्यांच्या पाठीमागून कोट ओढला आणि पायानं विझवला. एक बाही पार जळाली होती. दोन हात अंतरावर लोकर जळत होती, आणि उंदीर ओळखणारा माणूस विचारत होता, कुठे.



"काका, कधीपासून?"

"तापापासून."

"तिन्ही वेळा?"

नाकशेठनी होकारार्थी मान हलवली. मालक ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त नाकशेठचा तळहात हळूच बाजूला केला, पेला उचलून बराच वेळ हुंगला आणि पांढऱ्या कपड्यावर पालथा घातला. डाग पसरत टेबलाच्या कडेपर्यंत आला.

"बाकीची पिंपं बघू या," ते म्हणाले. "दिवा तुम्ही धरा."

तळघरात सुतार बूच काढायचा, मालक वाकून हुंगायचे आणि नाकशेठ त्यांच्या तोंडाकडे बघायचे. आता वास त्यांना तिथेच दिसणार होता. पहिल्या पिंपाला मालकांनी नुसती नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याला तीही हलवली नाही, पुढे गेले. तिसऱ्यापाशी सुतारच पुटपुटला, "मलाही कळतंय हो आता."

भिंतीकडचं एक पिंप राहिलं होतं. चाखणीला त्यातून कधी काढलं नव्हतं, त्याला हवा लागली नव्हती. सुतारानं बुचाला हात घातला, आणि मालकांचा धीर सुटला. त्यांनी त्या हातावर तळहात ठेवला.

"थांबा," ते म्हणाले. "आज नको. थांबू या."

नाकशेठनी ते शब्द ओळखले. त्यांचेच होते, तळहातासकट.

"थांबू नका, मालक," ते म्हणाले. "उघडा, आणि तुम्हीच हुंगा. मला विचारू नका."

बूच निघालं. मालक वाकले. नाकशेठनी दिवा त्यांच्या चेहऱ्याजवळ नेला. दिवा हलला, आणि मालकांच्या कपाळावर आठी पडली की सावली, त्यांना कळेना.