बोटीची डावी बाजू

१२ नोव्हेंबर १९९९. त्या दिवसाचं काम: बोटीच्या भोकाभोवतीचं जुनं फायबर घासून काढणं आणि ऊन चढायच्या आत काचतंतूंची नवी मॅट बसवणं.

बोट वसईजवळ उमेळ्याच्या आमच्या वाडीत विहिरीशेजारी जुन्या टायरांवर ठेवली होती. शिडाची बोट, आत दोन माणसं झोपतील एवढी केबिन. हे जहाजावर इंजिनियर होते. निवृत्त होऊन घरी आल्यावर वर्षभर नुसते खिडकीशी बसून राहिले, मग कुणाकडून तरी ही जुनी बोट घेऊन आले. डिसेंबरात शिडावर मालवणला जायचं, एवढं एकच त्यांच्या बोलण्यात असे. मी विरोध केला नाही. बोट आल्यापासून ते निदान वेळेवर जेवत तरी होते.

दिवाळीच्या तोंडावर राजोडीच्या किनाऱ्यासमोर ती आपटली. तिथे मच्छीमार समुद्राच्या तळात लांब खुंट रोवतात आणि त्यांना जाळी बांधतात. भरतीला खुंट पाण्याखाली जातात, म्हणून वर बावटा लावलेला असतो. हे म्हणाले, बावटा नव्हताच. नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, डाव्या बाजूला परातीएवढं भोक पडलं. बादलीने पाणी उपसत कसेबसे किनाऱ्याला लागले.

वसई पूर्वेला माझा छोटा गाळा होता, फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवण्याचा. त्यामुळे दुरुस्ती घरीच करायची ठरली. वाडीच्या पुढे-मागे बांधकामं चालू होती, त्यांची धूळ मॅट चिकटवायच्या ओल्या रेझिनवर बसते, म्हणून मी चारी बाजूंनी ताडपत्री बांधून घेतली. आतला उजेड निळसर, आजारी माणसाच्या खोलीसारखा झाला.

मी ग्राइंडर लावलाच होता तेवढ्यात राजोडीचा मच्छीमार आला. त्याचं जाळं बोटीत अडकून फाटलं होतं.

“शेट, तुमी आमच्या मच्छीमार सोसायटीत तक्रार करनार म्हनं?”

“करणारच,” हे म्हणाले. “बावटा लावायला काय होतं तुम्हाला?”

“व्हता ना. लाल. तुमच्या डाव्या अंगाला. माज्या भावानं तिकडून हात केला, बोंबलला. तुमी सरळ येऊन बसलात त्याच्यावर.”

“तीस वर्षं समुद्रावर काढलीत मी.”

“मोठ्या जहाजावर, शेट. तेपन खाली, इंजिनात. तितं पानी कुटं दिसतंय?” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “बाय, पुढच्या टायमाला सुकानावर तूच बस.”

मी हसले. हे हसले नाहीत. तो गेल्यावर कितीतरी वेळ पुटपुटत होते, खोटारडे आहेत सगळे, एकमेकांना सांभाळून घेतात.

मी भोकाभोवती नाण्याने ठोकत गेले. धड फायबर टणटण वाजतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं. भोक परातीएवढं असलं तरी सुटलेला भाग बराच पसरला होता. तो सगळा उतरता घासून काढला. कड उभी राहिली तर नवा थर धरत नाही, पहिल्या लाटेला निघून येतो. आतून प्लायचा तुकडा टेकवला. काचेची धूळ मानेत, बाह्यांत शिरून टोचत होती.

“मॅट मी बसवतो,” हे म्हणाले. “माझी बोट आहे.”

ठीक आहे म्हटलं. हात त्यांचा चांगलाच. आयुष्यात एक नट अर्धवट पिळून सोडलेला मी पाहिला नव्हता. रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर घालून डबा त्यांच्या हाती दिला. मॅट कोरडी असते तेव्हा पांढरी दिसते, रेझिन मुरलं की काचेसारखी होऊन खालचं सगळं दिसतं. पांढरं दिसेनासं होईपर्यंत ब्रशने ठोकत राहायचं. नवीन माणसालाही एवढं समजतं.

मी घरात जाऊन भाताचा कुकर लावून आले.

“झालं बघ,” हे म्हणाले. ब्रश धुवायलासुद्धा घेतला होता. “एक बुडबुडा शोधून दाखव.”

उजवीकडचा भाग खरोखर सुंदर बसला होता. डावीकडचा अख्खा पट्टा पांढराफटक होता. ब्रश तिकडे गेलाच नव्हता.

थट्टा करतायत असं वाटलं. “आणि हे?”

“हे म्हणजे काय?”

“अहो, हे पांढरं.”

त्यांनी मान वळवली. पूर्ण वळवली, मागून कुणी हाक मारल्यावर वळवतात तशी. मग दिसलं त्यांना. घाईने ब्रश पुन्हा डब्यात बुडवायला गेले, पण उरलेलं रेझिन डब्यात जमून दगड झालं होतं.

 जेवताना मी मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताला ताकाचा पेला ठेवला. ते ताक मागत राहिले.

“पेला ठेवलाय, डाव्या हाताला,” मी म्हटलं. “कधीपासून हे असं?”

“कसं?”

“डावीकडचं दिसत नाही ते.”

त्यांनी भात कालवला, पण खाल्ला नाही. “गणपतीच्या सुमाराला. एकदम नाही झालं. कडा पुसट व्हायला लागल्या.” मग म्हणाले, “बावटा असेलही.”

“डॉक्टरला दाखवलंत?”

“दाखवलं तर बोट बंद करतील. एकदा मालवण होऊ दे गं. दिवसाउजेडी जाऊ. डावीकडे तू बघ.”

“मला पोहता येत नाही,” मी म्हटलं आणि ताटं उचलली.

ते हात न धुता तसेच वाडीत जाऊन ताडपत्रीच्या आत बसले. मी बोलवायला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो पांढरा पट्टा घासून काढला आणि नवीन मॅट नीट मुरवून बसवली. बोट आता विकायचीच असं मी ठरवलं होतं, पण जो घेईल तो तिच्यातून समुद्रात जाणार होता. मग हात धुतले आणि त्यांना सांगितलं, शर्ट बदला, डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय. तक्रार करत नाही असा राजोडीला निरोप नंतर पाठवू. त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढला आणि उलटा घातला; मी तो सरळ करून दिला आणि दाराला कुलूप लावलं.