झाडून काढलेलं रान

जंगल झाडून काढणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. ती मी. नातवंडांना हे सांगितलं की ती आधी हसतात, मग माझ्या हातातला खराटा काढून घेतात.

मी केडगावची. अंगणात पान पडलेलं दिसलं की हात शिवशिवायचे. लग्न होऊन अकोले तालुक्याच्या डोंगरात आले, पुढं सासरच्या सदाहरित रानाच्या कडेला आम्ही पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या, तरी खोड काही गेली नाही. धाकट्या दिराला त्या रानातली झाडं ठेकेदाराला विकायची होती. त्याची कुऱ्हाड थांबली होती ती एका मुलीमुळे. ती तिथल्या बेडकांवर संशोधन करायची. तिच्या संस्थेनं दोन खोल्या वर्षभरासाठी घेतल्या होत्या, उरलेल्या खोल्यांत बेडूक बघायला पुण्याचे पाहुणे यायचे. रान उभं होतं ते एवढ्यावरच.

उन्हाळ्यात ती गावी गेली. खोल्यांमागचा कुजका पाला बघून मलाच लाज वाटली; पाहुणे काय म्हणतील! खराटा घेतला आणि वरच्या झाडांपर्यंत अख्खा उतार लख्ख केला. मध्ये तिनं बेडूक मोजायला सुतळीनं चौकोन आखले होते. ती सुतळीही गुंडाळून खुंटीला टांगली. काय ती टापटीप! जाऊबाईंची भाताच्या रोपांसाठी राब भाजायची तयारी चालली होती. सगळा पाला त्यांच्या वाफ्यावर पसरून पेटवला.

"लई गुनाची हाय माझी बाय," जाऊबाई म्हणाल्या. मी फुगले. धुराला पाल्याचा नव्हे असा एक वास होता. मी म्हटलं, असेल शेणाचा.

पावसाळा लागला. ओढ्यापलीकडचं रान सांजेला बेडकांच्या आवाजानं टकटकायला लागलं. आमच्याकडं काहीच नाही. उघड्या उतारावरून तांबडं पाणी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबायचं. दीर छत्री घेऊन पायरीवर उभा राहायचा, कान देऊन.

"वैनी, तुमचं बेडूक कुठं गेलं वो? मला तर कायबी आयकू येत न्हाई."

हसत हसत विचारायचा. मग एक दिवस ठेकेदाराला घेऊन आला आणि दोघं झाडांच्या बुंध्यांना हात लावत वर गेले.

मुलगी परतली. उतारावर गुडघे टेकून बसली. हे बेडूक उन्हाळाभर ओल्या पाल्याखालीच दडून असतात, अंडीही तिथंच घालतात, तिनं सांगितलं. मी काय केलं ते मी सांगितलं. आणि वर शहाणपणा केला, "अगं, मग ओढ्यापलीकडचे मोज आणि आमच्या नावावर लिही. बेडूक तो बेडूक!"

ती हसली नाही. म्हणाली,

"मावशी, पाला आता पडेल तिथंच राहू द्या, पुढच्या पावसाळ्यात मी परत मोजते. पण तेव्हाही इथं एकही ओरडला नाही, तर मी तसंच लिहिणार. मग संस्था त्या खोल्या सोडेल, आणि तुमच्या दिरांना थांबवायला मी नसेन."